नांगराला थोडी सुट्टी

मेकॅनिकलच्या मुलाने शेतीवर लेख लिहायचा म्हणजे नवलच, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, नांगर, रोटाव्हेटर, ट्रॅक्टर ही सगळी आपलीच मशिन्स आहेत ना! मग ती ज्या मटेरियलवर चालतात ती माती आपण कधी शिकतो का? सिव्हिलवाले शिकतात, पण ते बिल्डिंगचा पाया घालण्यासाठी.

आमच्या देवळाली कॅम्पच्या आजूबाजूला, भगूरकडे, दारणेच्या काठाने टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, कोथिंबीर अशी भाजी होते. भाजीचं पीक काही महिन्यांचंच, त्यामुळे एकाच वावरात वर्षातून दोन-तीनदा नांगरट, वखरणी आणि वर रोटाव्हेटर. याला मराठीत मशागत म्हणतात, हे मला कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्यावर कळलं. शब्द गोड आहे, त्यात मेहनत आणि निगा दोन्ही येतात. पण मातीची निगा खरंच राखली जाते का, हा प्रश्न आहे.

माती म्हणजे नुसती पूड नव्हे. तिचे बारीक कण बुरशीच्या धाग्यांनी आणि मुळांतून पाझरणाऱ्या चिकट पदार्थांनी एकत्र बांधले जाऊन त्यांचे रवे बनतात. रव्यांच्या मधल्या पोकळ्यांतून पाणी मुरतं, हवा खेळते. रोटाव्हेटरची पाती फिरली की हे रवे फुटतात. आत एकदम हवा शिरते, जिवाणू सेंद्रिय कर्ब भराभर खातात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. वावर मैद्यासारखं मऊ दिसतं, बघायला फार छान! पहिला जोराचा पाऊस आला की तोच मैदा पोकळ्यांत बसतो, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. शिवाय पाती दरवेळी साधारण एकाच खोलीवर फिरतात, वर ट्रॅक्टरचं वजन. त्यामुळे खाली एक कडक थर तयार होतो आणि मुळं तिथे अडतात.

खोटं वाटत असेल तर एक साधी टेस्ट करा. बांधावरचं, म्हणजे कधीच न नांगरलेल्या जागेचं, एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि एक शेतातलं. दोन ग्लास पाण्यात हळूच सोडा. बांधावरचं बराच वेळ टिकतं, शेतातलं बहुतेक वेळा लवकर विरघळून पाणी गढूळ करतं. पावसाळ्यात दारणा लाल-तपकिरी होते ती अशाच मातीने. दारणा गोदावरीला मिळते आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरचा जुना बंधारा लागतो. त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पक्षी आले आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण म्हणून जाहीर झालं. पक्ष्यांची मजा आहे, पण तो गाळ कोणाच्या तरी वावरातली वरची माती होती.

मग नांगरायचंच नाही? एडवर्ड फॉकनर या अमेरिकन माणसाने १९४३ मध्ये 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात नांगराच्या गरजेवरच शंका घेतली होती. एवढं लांब जायला नको. देवळालीहून रेल्वेने निघून कल्याणला गाडी बदलली की नेरळ येतं. तिथे सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एसआरटी पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, दोन वाफ्यांच्या मध्यांत १३६ सेंटिमीटर अंतर. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भाजी घ्यायची. मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आयत्या नळ्या राहतात. बिनपैशाचं ड्रिलिंग!

आमच्याकडच्या भाजीला हे जमेल असं मला वाटतं, कारण टोमॅटोला गादीवाफा आणि ड्रिप बऱ्याच ठिकाणी आधीच असतं. टोमॅटो संपला की झाड उपटण्याऐवजी जमिनीलगत विळ्याने कापायचं आणि त्याच वाफ्यावर, जुन्या खोडांच्या मधे, कोबीची रोपं लावायची. मर रोगाचं झाड मात्र मुळासकट काढून बाहेर टाकायचं, तिथे हट्ट नको. गाजर-बटाट्याला भुसभुशीत माती लागतेच. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचा चुरा भेगांत पडतो, म्हणजे थोडी उलथापालथ ती स्वतःच करते.

खरी अडचण तणाची आहे. हरळी आणि लव्हाळा नुसत्या आच्छादनाला दाद देत नाहीत. एसआरटीत त्यासाठी ग्लायफोसेट वापरतात, आणि मला तिथेच थांबावंसं वाटतं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले. कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो! त्यामुळे हरळीने भरलेलं वावर असेल तर आधी उन्हाळ्यात एकदा खोल नांगरून काश्या वेचून काढाव्यात, मग वाफे पाडावेत आणि तण फुलायच्या आत विळ्याने कापून तिथेच पसरावं. यात मजुरी लागते, पण रोटाव्हेटरचं भाडं आणि डिझेल वाचतं. कोणतं पारडं जड होतं ते पाहायला सुरुवातीला चार वाफे पुरेत, शेजारी चार नांगरलेले ठेवून.