मेक्सिकोतील ‘काल्दो दे पोयो’ : मांसरसाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

पथ्य सांगणे सोपे असते. ते रुग्णाच्या स्वयंपाकघरात शिजते किंवा नाही, हे पाहण्यास आपण अनेकदा विसरतो. या संदर्भात माझ्या हातून घडलेली एक चूक वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे.

रुग्णवृत्त

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका कुटुंबातील ३१ वर्षांचा तरुण नोकरीनिमित्त मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरी राहतो. डेंग्यूचा ज्वर उतरला, तेथील डॉक्टरांनी कामावर जाण्यास अनुमती दिली. परंतु अरुची व दौर्बल्य राहिले. त्याच्या आईच्या आग्रहावरून मी दूरध्वनीवर पेया, विलेपी, मुगाचे कढण असा क्रम सांगितला. आठ दिवसांनी चौकशी केली, तेव्हा कळले की कामावरून परतल्यावर मूग शोधीत हिंडण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. रात्री पाव-बिस्किटे खाऊन तो झोपत असे. शेजारच्या बाईंनी कोंबडीचे ‘काल्दो’ आणून दिले, ते त्याला रुचले. पण “डॉक्टरांनी सांगितलेले नाही” म्हणून त्याने पुढे ते नाकारले. मूळचा मांसाहारी असलेल्या या रुग्णाला माझ्याच पथ्याने उपाशी ठेवले होते.

सिद्धी

काल्दो दे पोयो म्हणजे कोंबडीचा पातळ रस्सा. मेक्सिकोत तो रोजच्या जेवणात असतो आणि आजाऱ्यालाही आवर्जून देतात. चार माणसांसाठी हाडांसह १ किलो कोंबडीचे तुकडे, अडीच लिटर पाणी, एक कांदा व चार-पाच लसूण पाकळ्या एका पातेल्यात मंदाग्नीवर ठेवाव्यात. वर येणारा फेस काढावा. अर्ध्या तासाने गाजर, बटाटा व मक्याच्या कणसाचे तुकडे घालावेत. आणखी दहा मिनिटांनी कोबी व चायोटे (दक्षिण भारतातील चौचौ) घालून मांस पूर्ण शिजेपर्यंत ठेवावे. शेवटी मीठ व कोथिंबीर. फोडणी नाही, वाटण नाही. कामावरून आलेल्या माणसाला तासाभरात हे साधते. लिंबू, चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची व भात ज्याने त्याने पानावर घ्यावयाचा असतो.

गुणविचार

मका, मिरची, बटाटा व चायोटे ही अमेरिका खंडातील पिके. त्यांचा विचार संहितांत मिळत नाही. मात्र पदार्थाचा गाभा आपल्या परिचयाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य व वातहर सांगितले असून, व्याधिमुक्त व कृश व्यक्तींसाठी मांसरसाची प्रशंसा केली आहे.

शोधनोत्तर संसर्जन क्रमात आधी अकृत व नंतर कृत मांसरस येतो. स्नेह, लवण व कटु द्रव्यांचा संस्कार नसलेला तो अकृत, असलेला तो कृत. काल्दोमध्ये बहुतेक संस्कार पानावर होत असल्याने एकाच पातेल्यातून हा भेद साधता येतो. मीठ घालण्यापूर्वी रुग्णापुरता निवळ रस काढून वरची चरबी निपटावी. कांदा-लसूण त्यात शिजलेले असल्याने तो काटेकोर अर्थाने अकृत नव्हे. तरी व्यवहारात त्याच्या जवळ जातो. क्षुधा वाढेल तसे मीठ, लिंबू, मऊ भात व थोडे मांस द्यावे. कुटुंबातील निरोगी माणसे त्याच वेळी मिरचीसह पूर्ण काल्दो जेवतात.

सावधानता

ज्वर कायम असताना, जिव्हा साम असताना किंवा भूकच नसताना मांसरसाची घाई करू नये, पेयाच योग्य. बटाटा व मका गुरू असल्याने आरंभी वगळावेत. कच्ची मिरची व कांदा पित्तप्रकृतीच्या रुग्णाने टाळावेत. रस रोज ताजा असावा. शाकाहारी रुग्णास हा उपाय सुचवू नये.

उपसंहार

वरील क्रमाने त्या तरुणाने रात्रीचे जेवण सुरू केले. पंधरवड्याने त्याच्या आईने कळविले की तो आता दुसऱ्यांदा भात मागून घेतो. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि काळ गेला तसे बलही काही प्रमाणात आपोआप आले असेल. तथापि अष्ट आहारविधिविशेषायतनांत देश व उपयोक्ता यांची गणना आहे, हे मी परीक्षेत लिहिले होते. दूरध्वनीवर मात्र विसरलो. आता परगावच्या रुग्णास पथ्य सांगण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो : तेथे काय मिळते, कोण शिजविते, आणि त्याला वेळ किती असतो?