ध्येय एक, फाटे अनेक

वाचन : लूक १०:३८-४२, फिलिप्पैकरांस ३:१२-१४



भस्म-बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण देवळातून घरी येतो, तेव्हा प्रत्येकाच्या मनात काही ना काही निश्चय असतो. यंदा घरात रोज रोझरी होणार. यंदा दारू सुटणार. यंदा मुलांचा अभ्यास मी स्वतः जवळ बसून घेणार. पुढे पुनरुत्थानाचा सण येतो आणि त्या निश्चयाचे काय झाले हे आपल्याला कुणी विचारत नाही. आपणही स्वतःला विचारत नाही. 'वेळच मिळाला नाही' एवढे म्हणून आपण मोकळे होतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा मुलगा दहावीला होता. रोज रात्री आठ ते नऊ त्याच्याजवळ बसायचे असे मी ठरवले होते. त्याच वर्षी देवळाच्या सणाच्या समितीत माझे नाव आले. कधी मीटिंग, कधी वर्गणी, कधी मंडपवाल्याकडे फेरी. एकही रात्र मी पत्त्यांत किंवा गुत्त्यात घालवली नाही. सगळी कामे देवाची आणि गावाची! एका रात्री दहा वाजता घरी आलो, तर मुलगा वहीवर डोके ठेवून झोपलेला. त्याची आई म्हणाली, "गणित विचारायचं होतं त्याला. तुमची वाट पाहून झोपला." पूर्वपरीक्षेत तो गणितात नापास झाला. पुढे शिकवणी लावून तो सावरला, पण त्यानंतर त्याने मला अभ्यासातले काही विचारले नाही.

माझे ध्येय वाईट नव्हते आणि ज्या कामांनी मला त्यापासून दूर नेले तीही वाईट नव्हती. मग चुकले कुठे? याचे उत्तर मला संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात सापडले.

मुलांच्या बाकावर बसलेला मोठा विद्यार्थी

१५२१ साली पँप्लोना येथील लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचली व त्यांचे जीवन पालटले. १५२३ साली ते यरुशलेमला गेले. तिथेच राहावे अशी त्यांची इच्छा होती, पण तशी परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी ठरवले की, आत्म्यांना मदत करायची तर आधी शिकले पाहिजे. १५२४ साली बार्सिलोना शहरात ते लॅटिन शिकू लागले. वय तेहतीसच्या घरात आणि विषय लहान मुलांचा!

पाठांतराला बसले की त्यांच्या मनात देवाविषयीचे सुंदर विचार येऊ लागत. नवे नवे अर्थ सुचत, मन आनंदाने भरून जाई आणि व्याकरण तसेच राहून जाई. कितीही प्रयत्न केला तरी हे विचार दूर होईनात. देवाचे विचार आले तर कुणाला वाईट वाटेल? पण इग्नेशियस यांनी एक गोष्ट हेरली. ते प्रार्थनेला बसत किंवा मिस्साला जात तेव्हा इतके तेजस्वी विचार येत नसत. ते नेमके अभ्यासाच्या वेळीच येत. तेव्हा त्यांनी ओळखले की, हा मोह आहे.

मग ते आपल्या शिक्षकांना घेऊन जवळच्या सांता मारिया देल मार या देवळात गेले. मनात काय चालले आहे ते सगळे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि वचन दिले की, बार्सिलोनात जगण्यापुरते पाणी-भाकर मिळते आहे तोवर ही दोन वर्षे मी तुमचा एकही पाठ चुकवणार नाही. हे वचन दिल्यावर तो मोह पुन्हा झाला नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे.

मात्र पुढच्या गावी त्यांनी एकाच वेळी अनेक विषय घाईने शिकायला घेतले आणि पाया कच्चा राहिला. १५२८ साली पॅरिसला गेल्यावर ते पुन्हा मुलांबरोबर लॅटिनच्या वर्गात बसले. नंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासातही तोच जुना मोह आला, तेव्हा त्यांनी तिथल्या शिक्षकांनाही तसेच वचन दिले. पूर्वी लोक त्यांच्यामागे तक्रारी घेऊन लागत. आता सगळे शांत कसे, असे एका ओळखीच्या विद्वानाने विचारले. मी सध्या कुणाशी देवाच्या गोष्टी बोलत नाही म्हणून. अभ्यास संपला की पुन्हा पूर्वीसारखेच सुरू होईल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पॅरिसमध्ये त्यांच्या खोलीत राहणारे एक सोबती म्हणजे फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ साली गोव्यात आले.

आपण यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, ध्येय मोजता येईल इतके स्पष्ट हवे. 'चांगला बाप होईन' ही इच्छा झाली. 'सोमवार ते शुक्रवार रात्री आठ ते नऊ मुलाजवळ बसेन' हे ध्येय झाले. इग्नेशियस यांच्या वचनात काम होते, मुदत होती आणि ज्याला जाब द्यायचा तो माणूसही होता.

दुसरी गोष्ट, फाटा कोणत्या वेळी फुटतो ते पाहावे. चांगले काम नेमके आपल्या कर्तव्याच्याच वेळी का आठवते? मी स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर फार सुखाचे नव्हते. समितीत माझ्या शब्दाला मान होता. घरी मात्र बीजगणित विसरलो आहे हे मुलापुढे कबूल करावे लागणार होते. मी सेवेसाठी बाहेर जात होतो हे खरे, पण घरातून पळतही होतो.

याचा अर्थ सेवा सोडावी असा नाही. शेजारी रात्री आजारी पडला तर उठून जावेच लागेल. मार्थेलाही प्रभूने कामासाठी दोष दिला नाही. अनेक गोष्टींच्या काळजीने तिचे मन विखुरले होते, ते त्याने तिला दाखवले. अडलेल्याची हाक वेगळी आणि आपल्याला सोयीची वाटणारी हाक वेगळी. हातातल्या मोबाइलची हाक बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. कुणी सुविचार पाठवलेला असतो, कुणी प्रार्थना पाठवलेली असते, आणि अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

दिवसातून तीन वेळा

इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात विशेष आत्मपरीक्षणाची एक पद्धत आहे. ती आहे एखादा दोष घालवण्यासाठी, पण ध्येयाच्या आड येणारी सवय हाही दोषच.

१. सकाळी उठताच : एकच दोष निवडून आज तो टाळण्याचा निश्चय करावा. दहा दोष एकदम हाती घेऊ नयेत.

२. दुपारी जेवणानंतर : देवाकडे कृपा मागून, उठल्यापासूनचा एकेक तास आठवावा. जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके वहीत एका रेघेवर द्यावेत.

३. रात्री जेवणानंतर : दुपारपासूनचा वेळ तसाच तपासून खालच्या रेघेवर ठिपके द्यावेत.

मग दुपारची रेघ आणि रात्रीची रेघ, कालचा दिवस आणि आजचा दिवस, मागचा आठवडा आणि हा आठवडा यांची तुलना करावी. दिवसभरात जेव्हा चूक होईल तेव्हा हात छातीवर ठेवून मनात पश्चात्ताप करावा. चारचौघांत असतानाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि प्रार्थनेतच मन भरकटले तर? कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (क्र. २७२९) सांगितले आहे की, त्या विचारांच्या मागे लागून त्यांची शिकार करू गेलो तर आपणच त्यांच्या जाळ्यात सापडतो. मुकाट्याने अंतःकरणाकडे परतावे, एवढेच पुरे. मात्र मन कुठे गेले होते हे बघून ठेवावे, कारण आपला जीव कशात अडकला आहे ते त्यावरून कळते. संत पौलही मागचे उगाळत बसत नाही; धावणाऱ्याप्रमाणे पुढच्या खुणेकडे नजर ठेवतो.

आता माझा धाकटा मुलगा नववीत आहे. आठ ते नऊ या वेळात माझा मोबाइल देव्हाऱ्याजवळ ठेवलेला असतो आणि ही वेळ मी घरच्यांसमोर मान्य केलेली आहे. वहीत ठिपके अजूनही पडतात. पण परवा थोरला कामावरून घरी आला, धाकट्याच्या वहीत डोकावला आणि म्हणाला, "पप्पा, हे उदाहरण तुम्ही चुकीचं सोडवताय." मग आम्ही तिघेही त्या वहीभोवती बसलो.

या आठवड्यात कुटुंबात बोलण्यासाठी

१. माझे सध्याचे एक ध्येय मी एका वाक्यात सांगू शकतो का?
२. कोणते चांगले काम मला माझ्या पहिल्या कर्तव्यापासून दूर नेते?
३. माझ्या निश्चयाचा जाब मला कोण विचारील?

प्रार्थना : हे प्रभू येशू, यरुशलेमच्या वाटेवरून तू मागे फिरला नाहीस. माझ्या वाट्याला आलेले आजचे काम मला ओळखू दे आणि ते पुरे होईपर्यंत तिथे थांबण्याचे बळ दे. आमेन.