वऱ्हाडचा कापूस आणि मालवाहू जहाज

अकोला आणि अमरावती ही वऱ्हाडातील शहरे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तथापि तेथील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचे समुद्राशी जुने नाते आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. त्याच दशकात वऱ्हाडात आगगाडीही पोहोचली. सरकी काढलेला कापूस यंत्राने दाबून त्याच्या गठाणी बांधीत. त्या आगगाडीने मुंबईच्या गोदीत जात आणि तेथून जहाजावर चढत.

अशा जहाजाची रचना मोठ्या विचाराने केलेली असते. कापूस वजनाने हलका, पण जागा फार व्यापतो. लोखंड जागा थोडी व्यापते, पण वजनाने जड असते. म्हणून दोन्ही प्रकारचा माल नेता यावा अशी सोय करावी लागते. जहाजाच्या पोटात उभ्या पोलादी भिंती घालून निरनिराळी कोठारे केलेली असतात. एका कोठारात पाणी शिरले, तरी ते दुसऱ्यात जात नाही. कोठारात मध्ये एक माळा असतो. त्यामुळे वरच्या मालाचा भार खालच्या मालावर पडत नाही. तळ दुहेरी असतो. माल कमी असला, की त्यात पाणी भरून जहाजाचा तोल राखतात; या भाराला नीरम म्हणतात. माल चढविण्या-उतरविण्यासाठी तूतकावर याऱ्या असतात. भार किती घालावा, हे जहाजाच्या कुशीवर रंगविलेली रेषा सांगते. ती रेषा पाण्याखाली जाता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ‘फोर्ट’ नावाची अशी अनेक जहाजे एकाच नमुन्यावर बांधली. त्यांची लांबी सुमारे १३४ मीटर होती आणि प्रत्येकात पाच कोठारे होती. त्यांपैकीच ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज एप्रिल १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. शिवाय कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गठाणी होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात कापूस आणि स्फोटके एकत्रच ठेविली होती.

१४ एप्रिल रोजी दुपारी त्या कोठारातून धूर येऊ लागला. गठाणीत शिरलेली आग आतल्या आत धुमसते; वरून ओतलेले पाणी तिच्या गाभ्यापर्यंत सहज पोहोचत नाही. अग्निशामक दलाचे जवान धोका असतानाही पाण्याचा मारा करीत राहिले. चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यांत ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

त्या जहाजाच्या बांधणीत खोट नव्हती; माल ठेवण्यात चूक झाली होती. धोक्याचा माल इतर मालापासून कसा वेगळा ठेवावा, याचे आंतरराष्ट्रीय नियम आज आहेत. जहाज सर्व प्रकारचा माल वाहू शकते. पण कशाशेजारी काय ठेवावे, हे माणसालाच ठरवावे लागते.