पोलंडचे बिल्ले आणि पदके कशी वाचावीत

पोलंडच्या लष्करी बिल्ल्यावर आधी गरुड पाहावा आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे की नाही ते पाहावे. १९१९ च्या नमुन्यातील टोपीवरचा गरुड मुकुटधारी असून ढालीवर बसलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांबरोबर लढणाऱ्या पोलिश फौजेच्या गरुडाला मुकुट नव्हता. सैनिक त्याला चेष्टेने ‘कोंबडी’ म्हणत! ब्रिटिशांबरोबर लढणाऱ्या पोलिश सैन्याने मात्र मुकुट सोडला नाही. देशाच्या राजचिन्हावर तो १९८९ च्या अखेरीस कायद्याने परत आला.

पदकांमध्ये सर्वांत मानाचे ‘व्हिर्तुती मिलितारी’. राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याने ते १७९२ मध्ये सुरू केले. निळी रिबीन, कडांना काळे पट्टे. त्याखालोखाल १९२० चा ‘शूरांचा क्रूस’. हा एकाच सैनिकाला चार वेळा मिळू शकतो.

मला स्वतःला मोंते कसिनोचा क्रूस सर्वांत मोलाचा वाटतो. खरे तर ते शौर्यपदक नाही. इटलीतील या लढाईत भाग घेतलेल्या दुसऱ्या पोलिश कोअरच्या सैनिकांना तो दिला गेला. फेब्रुवारी आणि मार्च १९४४ मध्ये आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजननेही तिथे हल्ले केले होते. १८ मे रोजी पोलिश सैनिक टेकडीवरच्या मठात शिरले. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या हल्ल्यातही हीच पोलिश कोअर शेजारी होती.

सुमारे ४८ हजार क्रूस वाटले गेले. त्यांवर सैनिकाचे नाव नाही, मागे फक्त क्रमांक आहे. क्रमांक तुकड्यांप्रमाणे दिलेले असल्याने त्यावरून तुकडी शोधता येते. माणूस मात्र सोबतच्या प्रमाणपत्रावरूनच कळतो. यातले बरेच सैनिक पूर्व पोलंडचे होते. तो भाग युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला, म्हणून ते घरी परतलेच नाहीत. ब्रिटन, कॅनडा अशा देशांत राहिले. अशा काही सैनिकांची बायकामुले युद्धकाळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहत होती. क्रूस एकाला आणि प्रमाणपत्र दुसऱ्याला विकले, तर तो सैनिक पुन्हा सापडणे फार कठीण.

कमी पैशांत सुरुवात करायची तर कापडी चिन्हे घ्यावीत. कोअरची खूण वॉर्साची तलवारधारी जलपरी, पाचव्या डिव्हिजनची रानगवा. तोफगोळे पुरवणाऱ्या २२ व्या कंपनीची खूण तर गोळा उचललेले अस्वल आहे, कारण व्होयतेक नावाचे खरे अस्वल त्यांच्याबरोबर होते.

१९३९ पूर्वीच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यांत नकली माल पुष्कळ. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर सहसा मीनाकाम असे, जवानांचा साधा धातूचा. मागे स्क्रू आणि चकती असते. चकतीवर बनवणाऱ्याचे नाव असू शकते. भिंगातून पाहावे. ठसा मारून केलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात. अस्सलवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेच्या रेषा बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात.

आपण परेडच्या आदल्या रात्री बेल्टचे बक्कल ब्रासोने घासतो, तसे जुन्या बिल्ल्याला कधीही करू नये. धातूवरची जुनी काळपट झाक गेली की किंमतही जाते. बिल्ला मऊ सुती कापडाने हलकेच पुसावा, कोरडा ठेवावा, आणि क्रमांकाचा कागद असेल तर त्याच पाकिटात ठेवावा.