पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही

सव्वीस जुलैचं पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस आळीतून ओरडत गेला, "विहिरीत पावडर टाकलीय, खुशाल पाणी भरा." आम्ही भरलं. सहाव्या दिवशी पहाटे सासूबाईंना जुलाब सुरू झाले, दुपारी माझ्या चार वर्षांच्या मुलाला. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले होते. 2005 साल होतं ते. राग अजून गेलेला नाही.

रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठी आमचं गाव. पूर आम्हाला नवा नव्हता. 1989मध्ये अंबा नदीने नागोठण्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण पुरानंतरचं आजारपण कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मुलाला सलाईन लावून घरी आणलं, त्याच दिवशी बाहेरून आलेल्या पथकातला आरोग्यसेवक विहिरीवर गेला. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याने ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या नळीत घेऊन तेच थेंब टाकले, ते लगेच पिवळं झालं. "वहिनी, तुमच्या पाण्यात क्लोरीनच नाही." पुरात भिजून ढेकळं झालेल्या गोणीतली पावडर ओंजळीने कोरडीच फेकली होती, हे तेव्हा कळलं. ग्रामपंचायतीत जाब विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "घरात काही शिळं खाल्लं असेल." आळीतल्या पाच घरांनी एकाच दिवशी शिळं खाल्लं होतं का?

म्हणून सांगते, पावडर टाकली का असं विचारू नका. नळी दाखवा म्हणा. पिवळा रंग दिसला तरच हंडा भरा.

पावडर अंदाजाने टाकायची नसते. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला 785ने गुणलं की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर 140 ग्रॅम चांगली, कोरडी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी उपसा आणि गाळ काढा. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली करा. तासाभराने ओटी. आरोग्यसेवक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीवर हेच केलं आणि नळी पिवळी झाली.

जुलाब लागले तर सलाईनची वाट पाहत बसू नका. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोटघोट पाजत राहा. आमच्याकडे साखरेचा डबा पुरात गेला होता आणि शेजारी मागायला मला लाज वाटली. तेवढ्या वेळात पोर गळालं. तुम्ही लाजू नका.

माझ्या पेणच्या भावाचं वेगळंच झालं. गणपतीच्या कारखान्यात शिरलेला पुराचा चिखल त्याने अनवाणी उपसला, टाचेला भेगा होत्या. आठवड्याने ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना, डोळे लाल. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे. चिखलाचं त्यांनी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. पुढे लेप्टो निघाला. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा हा रोग. डॉक्टर विचारोत न विचारोत, "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आधी सांगा. गमबूट घाला, जखम झाका. डॉक्सीसायक्लिन कुणी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा, गरोदर बाई आणि लहान मुलं यांना परस्पर देऊ नका.

बाकी हात धुणं, अन्न झाकणं तुम्हाला ठाऊक आहेच.

माझा मुलगा वाचला. त्या गोणीबद्दल मात्र चूक झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात ओटीची बाटली मी घरात ठेवते, आणि विहिरीवर पावडर पडली की नळी घेऊन स्वतः जाते.