नॅनोसेकंदाचा हिशेब

माझं गाव गणेशगुडी, काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या पायथ्याचं. काम मात्र मुंबईत, टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटरचे डिटेक्टर बांधण्याचं. वायली आणि मॅकलॅरन यांनी १९५५ मध्ये मांडलेली रचना आजही पायाभूत आहे. सगळ्या आयनांना सारख्याच व्होल्टेजनं पळवायचं. हलके आधी पोहोचतात, जड मागून. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

१. आधी कागदावर वेळ काढा. १०० वस्तुमानाचा एकभारित आयन २ किलोव्होल्टवर १ मीटर अंतर सुमारे १६ मायक्रोसेकंदांत कापतो. १०१ चा त्याच्यामागून ८० नॅनोसेकंदांनी येतो. ५००० रेझोल्यूशन हवं असेल तर शिखराची रुंदी दीड नॅनोसेकंदाच्या आसपास बसवावी लागते. आयन टिपणारी प्लेट, इलेक्ट्रॉन गोळा करणारा अ‍ॅनोड, केबल, सगळ्यांचा खर्च त्यातूनच भागवायचा.

२. दमटपणाला भ्या. मायक्रोचॅनल प्लेट म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची काच, तिला काही मायक्रॉनची लाखो छिद्रं. ती ओल शोषते, वाकते, तडकते. आमच्याकडे आषाढात काड्यापेटीसुद्धा चुलीजवळ ठेवावी लागते; मुंबईची हवा काही फार वेगळी नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून प्लेट महिनोन्‌महिने ठेवणं मला पटत नाही. निर्वातातच ठेवा. बसवल्यावर चेंबर १०⁻⁶ टॉरच्या खाली नेऊन रात्रभर राहू द्या, मग व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं चढवा. इथे घाई करणाऱ्याला मी प्लेटला हात लावू देत नाही.

३. खरी कसोटी अ‍ॅनोडपाशी. एकावर एक ठेवलेल्या दोन प्लेटा एका आयनापासून दहा लाख इलेक्ट्रॉन काढतात. ते एका नॅनोसेकंदात आले, तरी ५० ओहमवर जेमतेम ८ मिलिव्होल्ट मिळतात. अ‍ॅनोडपासून प्रीअ‍ॅम्प्लिफायरपर्यंत हे ५० ओहम कुठेही तुटता कामा नयेत. धरणातून पाणी खाली नेणाऱ्या पेनस्टॉकची झडप एकदम बंद केली की पाण्याचा दणका उलटा फिरतो, तसा सिग्नल परततो. दोन्ही टोकं जुळलेली नसली तर मीटरभर केबलमध्ये १० नॅनोसेकंदांनी खोटं शिखर उभं राहतं. म्हणून शंकूच्या आकाराचा अ‍ॅनोड घ्या, केबल आखूड ठेवा. ऋण आयनही मोजायचे असतील तर ते पहिल्याच दिवशी ठरवा. कारण तेव्हा अ‍ॅनोड उच्च व्होल्टेजवर जातो आणि सिग्नल कपॅसिटरमधून काढावा लागतो.

४. एकदम आलेले दोन आयन मोजणी-सर्किटला एकच वाटतात. एका शिखरात आयन सोडण्याच्या दर धक्क्याला सरासरी ०.१ आयन येत असला, तरी मोजणी जवळपास ५ टक्क्यांनी कमी भरते. मोठ्या शिखराची तूट जास्त, म्हणून आधी समस्थानिकांचं गुणोत्तर बिघडतं.