तो फोन अजून तुझ्याकडेच आहे ना?

॥ श्री ॥

बुधवार पेठ, पुणे २
बुधवार, रात्री साडेदहा

चि. पिंट्यास,
अनेक आशीर्वाद.

तो फोन अजून तुझ्याकडेच आहे ना? बाकीचं पत्र सावकाश वाच, पण आधी हो की नाही एवढं मामीला कळव. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद घेतला. वरच्या मजल्यावरचा मुलगा उद्या तुमच्या कॉलेजकडे जातोय, त्याच्या हाती देतो.

मला कसं कळलं म्हणशील. सोमवारी पासोड्या विठोबापाशी चार्जर घ्यायला गेलो होतो. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं हाक मारली, आत स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमचा भाचा शनिवारी येऊन गेला. कुणाकडून तरी जुना फोन घेतलाय, साडेअठरा हजाराला. सिम घातलं की नेटवर्क नाही. मी म्हटलं, चोरीची तक्रार होऊन ब्लॉक झालाय हा. तर मला विचारतो, आयएमईआयचं काही करता येतं का? नाहीतर मागची काच बदलून चकाचक करून द्या, विकून टाकतो."

पिंट्या, चार्जर न घेताच घरी आलो.

फसलास, त्याचा मला राग नाही. राग आहे तो "विकून टाकतो" या शब्दांचा. अरे, काय विकणार? कुणाला? तुझ्यासारखाच एखादा गावाकडून आलेला पोरगा, महिन्याच्या मेसच्या पैशातून चार-चार हजार बाजूला काढून फोन घेणारा, त्याला? नव्या काचेखाली ते दुखणं झाकून तू त्याच्या हातात ठेवणार, आणि मग फोन बंद करून बसणार, जसा त्या स्वारगेटवाल्यानं केला?

तो स्वारगेटवालाही मला कळला. अ‍ॅपवर जाहिरात, भाव बाजारापेक्षा बराच कमी, भेट एसटी स्टँडबाहेर, "बिल गावाकडे राहिलंय, माझी कोल्हापूरची गाडी सुटतेय." पिंट्या, ज्याला घाई असते ना, त्याच्याकडून माल घेऊ नये. घाई ही विकणाऱ्याची गरज नसते, ती त्याची युक्ती असते.

आपल्या घराचं पोटच जुन्या मालावर भरलं. तुझ्या आजोबांची, म्हणजे नानांची, अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची पथारी तू पाहिली नाहीस, पण आईनं सांगितलं असेल. अर्ध्या किमतीत घ्यायचं, पाऊण किमतीत विकायचं. आमच्या पेठेला जुन्या-साध्या मालाची लाज कधीच नव्हती. ज्या देवळापाशी पासोड्या, म्हणजे जाड्याभरड्या चादरी, विकायला बसत, त्यातल्या विठोबालाही लोकांनी पासोड्या विठोबाच म्हटलं. वापरलेली वस्तू हलकी नसते रे. तिच्याबद्दल सांगितलेलं खोटं हलकं असतं.

नानांचा एक नियम होता: सुतली सोडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. लोक पुस्तकांचे गठ्ठे बांधून आणत. नाना आधी सुतली सोडत, मग प्रत्येक पुस्तक मागच्या बाजूनं उघडत, कारण आधी शेवटची पानं गळतात. मधे फाटलंय का ते बघत. तोवर समोरचा कितीही चुळबुळला तरी हात खिशाकडे जात नसे.

तू त्या फोनची सुतली सोडली नाहीस. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं असतंस, तर १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसला असता. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळवायचा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो आकडा, आणि मेसेज १४४२२ ला. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही हे बघता येतं. तुझं सिम घालून समोरच एक फोन लावायचा. विकणाऱ्याला फोनमधलं त्याचं खातं आपल्यादेखत काढायला लावायचं. बिल आणि ओळखपत्राची प्रत मागायची. हे सगळं दहा मिनिटांचं काम. खरा मालक दहा मिनिटं थांबतो. चोराची गाडी सुटत असते.

तो फोन अजून तुझ्याकडेच आहे ना?

आता विकायला निघालास तर काय होईल, तेही ऐक. गेल्या वर्षी मामीनं तिचं शिलाई मशीन विकायला काढलं. गुडघे पायंडलला साथ देईनात. शेजारच्या मुलीनं फोटो काढून जाहिरात टाकून दिली. अर्ध्या तासात फोन. "मैं फौजी हूँ, देहूरोड में पोस्टिंग है." भाव केला नाही, मशीन बघायला येतो म्हणाला नाही. वर्दीतला फोटो पाठवला, कँटीनचं कार्ड पाठवलं. पुण्यात दक्षिण कमांड आहे, खडकी-देहूरोडला छावण्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे हे सोंग चटकन पटतं. फौजी म्हटलं की आपला हात आपोआप कपाळाशी जातो, आणि ते लोक नेमकं त्याच हाताकडून पिन टाकून घेतात. आधी खात्री म्हणून मामीला ५ रुपये पाठवले. मग क्यूआर कोड पाठवला, "ये स्कॅन करो, पूरा पैसा आ जायेगा."

मामीनं चष्मा वर केला आणि मला म्हणाली, "पैसे मला यायचेत, तर पिन मी का टाकू? त्याच्या घरातलं काही बाहेर काढायचं असेल तर कुलूप आपल्या घराचं उघडतात का?" आणि फोन ठेवून दिला. सातवी शिकलेली बाई. सगळी मेख एवढीच आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय बंद केली, म्हणजे चोरांची एक वाट तरी बुजली. पण क्यूआर कोडची वाट उघडीच आहे.

हे लोक कोण, तेही मी कात्रणं ठेवून वाचतो. राजस्थानातल्या भरतपूर-अलवर आणि हरियाणातल्या नूहच्या पट्ट्यात, मेवातात, 'टटलू' म्हणून जुनी फसवणूक होती. शेतात सापडली म्हणून सोन्याची वीट दाखवायची आणि गळ्यात पितळ मारायचं. त्याच भागातल्या टोळ्या पुढे जुन्या सामानाच्या जाहिरातींकडे वळल्या. एप्रिल २०२३ मध्ये नूहच्या १४ गावांवर हरियाणा पोलिसांनी एका रात्री छापे घातले, तेव्हा सुमारे ५ हजार पोलीस लागले. वीट गेली, फोन आला, पितळ तेच.

आणि तू, नानांचा नातू, त्याच पितळाला मुलामा देऊन पुढे ढकलायचं म्हणतोस.

आयएमईआयचं 'काही करणं' म्हणजे काय ते माहीत आहे का तुला? २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, नाहीतर ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरीचा माल आहे हे कळूनही ठेवून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली पुन्हा ३ वर्षांपर्यंत. शनिवारपर्यंत तू फसलेला होतास. दुरुस्तीवाल्यानं "ब्लॉक आहे" म्हटल्यावर तुला कळलेलं आहे. ते कळणं आता पुसता येत नाही. म्हणून मला रात्री झोप नाही.

खूप बोललो. मामी पलीकडून म्हणतेय, "त्याला ते पुस्तकाचं सांगा, नुसते कायदे काय सांगताय." तुझ्या आईलाही हे मी कधी सांगितलेलं नाही.

१९७४ चा जून. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची येत होती, पहिली परीक्षा मार्च १९७५ ला. मी त्याच पहिल्या दहावीच्या वर्गात. पुस्तकं सगळी बदललेली, जुन्यांची रद्दी झालेली. एका दुपारी नाना जेवायला घरी गेले आणि पथारीवर मी एकटा. एक माणूस गठ्ठा घेऊन आला. वर नव्या अभ्यासक्रमाचं गणित, कोरं करकरीत. "सहाही अशीच आहेत, मला गाडी गाठायचीय." मी १५ वर्षांचा. ९ रुपयांत सौदा झाला. नाना खूश होतील म्हणून छाती फुगली. सुतली सोडली, तर खालची पाचही जुनी. रद्दीच्या भावाची.

नाना ओरडतील म्हणून चार पुस्तकं गोणीखाली दडपली. पाचव्याला खाकी कव्हर घातलं, नावाचं पान फाडलं. संध्याकाळी वेल्ह्याकडचा एक मुलगा आला, माझ्याच वयाचा, पायात चपला नाहीत. "दहावीचं गणित आहे का?" मी ते दिलं. दोन रुपये घेतले. मला माहीत होतं, पिंट्या. कारण खरं पुस्तक माझ्याच दप्तरात होतं.

दिवाळीनंतर तो परत आला. नाना बसलेले, मी शेजारी. मला घाम फुटला. त्यानं पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि नानांना म्हणाला, "हे जुनं निघालं. मीच नीट बघून घेतलं नाही. नवं केवढ्याला?" त्यानं नव्याचे पैसे मोजून दिले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं असावं, पण बोलला नाही. पाच-सहा महिने तो चुकीची गणितं सोडवत बसला असणार. मी सुटे पैसे परत दिले. एवढंच केलं.

नानांना काही दिवसांनी गोणीखाली पुस्तकं सापडली. मारलं नाही त्यांनी. म्हणाले, "फसलास ते ९ रुपयांचं होतं. मला सांगितलं नाहीस, ते किती रुपयांचं, हे तूच ठरव." पन्नास वर्षं झाली, मला तो हिशेब लागलेला नाही. पुढे पथारीचं दुकान झालं, मग दुकान मिटलं. पण जून महिन्यात चौकात एखादा मुलगा मोठ्या माणसाशिवाय एकटाच पुस्तकांची यादी घेऊन उभा दिसला की माझी मान खाली जाते.

"मीच नीट बघून घेतलं नाही." हे वाक्य तूही गेले चार दिवस स्वतःशी घोकतोयस, हो ना? म्हणून फोन उचलत नाहीस. आईला सांगत नाहीस. अरे वेड्या, फसवणाऱ्याचा धंदा आपल्या पैशावर एकदा चालतो, आणि आपल्या लाजेवर कायमचा. त्या वेल्ह्याच्या मुलाची चूक नव्हती. तुझीही नाही. मी वर लिहिलं, सुतली सोडली नाहीस, ते खोडून टाकणार होतो. राहू दे. पण त्यात ओरडा कमी आणि मामाचं भय जास्त आहे, असं वाच.

आता करायचं काय, ते सोपं आहे. १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरला फोन लाव, नाहीतर मी लावतो. उशीर झालाय, पैसे एव्हाना चार खाती फिरून गेले असतील, पण तक्रार नोंदली पाहिजे. त्याच्याशी झालेलं बोलणं, जाहिरात, व्यवहाराचा क्रमांक यातलं काही पुसू नकोस, सगळ्याचे फोटो काढून ठेव. आणि तो फोन घेऊन माझ्याकडे ये. आपण दोघं फरासखाना पोलीस ठाण्यात जाऊ. पुढे कुठल्या ठाण्यात जायचं ते तिथले लोक सांगतील. मी बरोबर असेन, बोलायचं काम माझं. कुणाचा तरी तो फोन आहे, पिंट्या. त्यानंही तक्रार करून वाट बघितली असेल. त्यात कुणाच्या आजीचा शेवटचा फोटो असेल, कुणाच्या परीक्षेच्या नोंदी असतील. तुझे साडेअठरा हजार परत येतील असं वचन मी देत नाही. पण तो फोन त्याच्या घरी जाईल, आणि पन्नास वर्षांनी तुझी मान खाली जाणार नाही.

पैशाचं ओझं डोक्यावर घेऊ नकोस. मामीचं मशीन शेवटी शेजारच्या मुलीनंच घेतलं. चालवून बघितलं, रोख दिले. ते पैसे डाळीच्या डब्यात तसेच आहेत. मामी म्हणते, मेसचे दोन महिने तरी निघतील. नको म्हणू नकोस, तिला वाईट वाटतं. आईला काय आणि कधी सांगायचं ते तू ठरव. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही, पण तुझ्याआधी बोलणारही नाही.

उद्या येणार असशील तर मेट्रोनं मंडईला उतर, तिथून पायीच ये. गुरुवार आहे, मामी थालीपिठं लावणार आहे. रात्री कितीही उशीर झाला तरी दिंडी दरवाजा नुसता लोटलेला असेल, कडी घालत नाही. हाक मारू नकोस, सरळ वर ये. मी जागाच असतो.

फोन विकलेला असला, तरीही ये. मग ज्याला विकलास त्याच्याकडे आपण दोघं जाऊ.

तुझा
मामा